नालेसफाईसारखीच सर्व्हरचीही पूर्वतयारी हवी

महोदय,

वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अलीकडेच एका नागरी सुविधा केंद्रात सलग तीन दिवस खेटे घातले आणि तिन्ही दिवस 'सर्व्हर डाऊन आहे' हेच उत्तर ऐकले. खिडकीपलीकडच्या मॉनिटरच्या कडेला पासवर्ड लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. विचारले तेव्हा कळले की, तिन्ही टेबलांना मिळून तो एकच पासवर्ड आहे. दोष तेथील कर्मचाऱ्यांचा नाही. त्यांना स्वतंत्र लॉगइन कोणी दिलेच नव्हते. पण अशा यंत्रणेवर सायबर हल्ला झाला तर काय होईल?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला, तेव्हा सुमारे दोन आठवडे रुग्णांची नोंदणी कागदावर करावी लागली. त्याआधी मार्च २०२१ मध्ये आपल्या एमआयडीसीच्या यंत्रणेवरही रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला होता. 'एम्स'साठी केंद्राच्या तपास यंत्रणा धावून आल्या; एखाद्या नगरपंचायतीसाठी कोण धावणार?

हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे आणि यंत्रणेत काय घडले याच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्यात, असे निर्देश एप्रिल २०२२ मध्येच निघाले असून ते सरकारी कार्यालयांनाही लागू आहेत. मात्र रात्री दोन वाजता हे कळवायचे कोणी, मुख्याधिकाऱ्यांनी, संगणक विभागाने की कंत्राटदाराने, हे प्रत्येक कार्यालयात नावानिशी ठरलेले असायला हवे.

पावसाळ्यापूर्वी मुंबईत नालेसफाईची पाहणी होते, पंप चालवून पाहिले जातात, भरतीचे वेळापत्रक जाहीर होते. सायबर हल्ला वेळापत्रक पाहून येत नाही, म्हणून ही शिस्त तेथे अधिकच हवी. बॅकअप घेतो, असे सगळेच सांगतात. पण तो नव्या सर्व्हरवर चढवून जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि मालमत्ता कराची खाती खरोखर परत मिळतात का, हे वर्षातून एकदा तरी तपासले पाहिजे आणि त्याचा अहवाल स्थायी समितीपुढे ठेवला पाहिजे. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडून ठेवावी. यंत्रणा बंद असताना दाखले हाताने कसे द्यायचे, याचीही लेखी पद्धत असावी. माझे तीन दिवस त्याअभावीच गेले.

लहान नगरपालिकांना स्वतःचे तज्ज्ञ परवडणार नाहीत, हे मान्य. त्यांच्यासाठी 'महाराष्ट्र सायबर' या राज्याच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या देखरेखीखाली जिल्हावार पथके नेमावीत आणि त्या खर्चासाठी राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, अशी विनंती आहे.

एक वाचक, दादर, मुंबई