सूचना : काकूंची केमो, हरिपाठ आणि डबे

मंडळी, रामकृष्णहरी. काकूंची तिसरी केमो परवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) झाली. त्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. म्हणून गुरुवारचा हरिपाठ त्यांच्या घरी नाही, नेरूळच्या सभागृहात, संध्याकाळी 7 ला. त्या फोनवरून ऐकतील. टाळवाल्यांनी फोनपासून लांब बसावं, नाहीतर पलीकडे नुसता खणखणाट जातो.

घरी तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, अंगारा, फुलं नेऊ नका. प्रश्न श्रद्धेचा नाही. न उकळलेल्या पाण्यातले, हारातले जंतू एरवी सोसतात, आत्ता नाही. प्रसाद म्हणून गरम शिरा चालेल.

डबा त्याच दिवशी शिजवलेला, 2 तासांच्या आत पोचेल असा. मऊ मुगाची खिचडी, दुधी. तोंड आलंय, त्यामुळे तिखट, लिंबू नको. कोशिंबीर नको, आणि हात सवयीने जातो ती वरची कच्ची कोथिंबीरही नको. दारातच देऊन निघा. सर्दी असेल त्यांनी पाळी बदलून घ्या.

रात्रीच्या गाडीवाल्यांसाठी: ताप 100.4 फॅरनहाइट झाला की लगेच रुग्णालय. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. ताप दबतो, संसर्ग वाढतो.

काकूंना प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) लागू शकतात. त्या आधी देऊन ठेवता येत नाहीत, 5 दिवसच टिकतात. इच्छुकांनी रक्तगट कळवून ठेवा. वजन 50 किलोच्या वर हवं, आधीचे 3 दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर तास-दीड तास जातो.

आणि फोनवर दुसऱ्यांच्या कॅन्सरच्या कहाण्या नकोत. अभंग म्हणा.