नवोदयच्या काठावरच्या जागा कुणाला? केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री तथा अध्यक्ष, नवोदय विद्यालय समिती,
नवी दिल्ली

विषय : जवाहर नवोदय विद्यालयांचा सहावीचा प्रवेश, ग्रामीण कोट्याची व्याख्या आणि निवड चाचणी

महोदय,

झज्जर आणि अमरावती इथे १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांचे काम ठरवून दिले होते : खेड्यातल्या हुशार मुलांना, घरची परिस्थिती कशीही असो, चांगले निवासी शिक्षण द्यायचे. आज अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. प्रत्येकात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या आणि किमान एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जातींना किमान १५ आणि जमातींना किमान साडेसात टक्के, जिल्ह्यात लोकसंख्या जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढीव, शिवाय इतर मागासवर्गीयांना २७ टक्के. ही रचना चांगली आहे. ती मोडा, असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा बंद करा, असेही नाही. पाचवीच्या मुलांना या परीक्षेला बसवणारे आम्ही शिक्षक आहोत आणि परीक्षा नसेल तर जागा कुणाच्या शिफारशीवर जातील, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

आमचे म्हणणे शेवटच्या काही जागांपुरते आहे. तिथे चाचणी दोन मुलांमधला जो फरक दाखवते, तो बऱ्याचदा बुद्धीचा नसतोच. तो सरावाचा आणि उत्तरपत्रिकेत अंदाजाने रंगवलेल्या गोलांचा असतो. त्या जागा कुणाला द्यायच्या याचा नियम बदलता येतो आणि त्यासाठी गुणवत्तेला धक्का लावावा लागत नाही.

आधी ग्रामीण कोट्याबद्दल. त्यात बसायला मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काढलेली असावी लागतात. शहरी भाग कोणता, हे २०११ च्या जनगणनेवरून आणि नंतरच्या सरकारी अधिसूचनांवरून ठरते. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. मधल्या काळात मोठ्या शहरांना खेटून असलेल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गृहसंकुले उभी राहिली, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा आल्या. मूल शहरातल्या फ्लॅटमधून शाळेच्या बसने तिथे जाते आणि त्याचा दाखला ग्रामीण होतो. यात बेकायदा काही नाही. पण हे मूल आणि धडगाव किंवा भामरागडमधल्या दोनशिक्षकी शाळेतले मूल कोट्यासाठी एकाच रांगेत उभे राहते.

आता याच नियमाची दुसरी बाजू पाहा. या तीन इयत्तांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकले असेल, तरी ते शहरी उमेदवार धरले जाते. जव्हार-मोखाड्याचे कुटुंब दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाते. शिक्षण हक्क कायद्याला धरून एखादा जागरूक मुख्याध्यापक त्यांच्या चौथीतल्या मुलीला जवळच्या महापालिका शाळेत दाखल करून घेतो. मूल शाळाबाह्य राहू नये म्हणून त्याने बरोबर तेच केले, पण त्या एका नोंदीने तिचा ग्रामीण हक्क गेला. तिला शाळेत घातलेच नसते, तर गावच्या हजेरीपटावर नाव राहून तो टिकला असता! शाळेत आणल्याची शिक्षा मुलाला करणारा हा नियम आधी बदला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातले मूल मूळ गावावरूनच ग्रामीण धरावे. गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी कार्ड पुरावा म्हणून पुरेसे मानावे. बाकीच्यांसाठी ‘एक दिवस’ काढून ‘तीनपैकी दोन पूर्ण वर्षे’ असे करावे. नव्या जनगणनेचे आकडे आले की शहरी भागाची यादी लगेच सुधारावी, मात्र ती त्या वर्षी तिसरीत जाणाऱ्या मुलांपासून लागू करावी. मधल्या इयत्तांतल्या मुलांवर चालू डावात नियम बदलू नये.

चाचणीकडे येऊ. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. म्हणजे प्रश्नाला सव्वा गुण. मानसिक क्षमता ४० प्रश्न, ५० गुण, ६० मिनिटे. अंकगणित आणि भाषा प्रत्येकी २० प्रश्न, २५ गुण, ३० मिनिटे. मानसिक क्षमता चाचणीत फक्त आकृत्या असतात, शब्द नसतात. घरच्या भाषेचा आणि पुस्तकांचा फायदा कुणाला मिळू नये, हा त्यामागचा विचार रास्त होता. पण प्रश्नांचे प्रकार दहा आणि प्रत्येक प्रकारावर चार प्रश्न, हा साचा वर्षानुवर्षे ठरलेला आहे. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत जुळणारी शोधा, अपुरी पूर्ण करा, क्रम पुढे न्या, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घातलेला कागद. साचा ठरला की सराव विकता येतो. निम्मे गुण आज अशा भागावर आहेत, जिथे सहा महिन्यांच्या तयारीने सर्वाधिक फरक पडतो.

घडीच्या कागदाचा प्रश्न घ्या. चौकोनी कागद आधी उभा, मग आडवा दुमडला, एका कोपऱ्याशी भोक पाडले. उलगडल्यावर कसा दिसेल? भोके चार पडतात आणि ती दोन्ही घड्यांच्या रेषांशी सममित असतात. ज्या मुलाने एकदा खरा कागद दुमडून, टोचून, उघडून पाहिला आहे, ते दहा सेकंदांत उत्तर देते. ज्याने प्रश्नच पहिल्यांदा पाहिला आहे, त्याला आधी चित्रातली तुटक रेषा म्हणजे घडी हे समजून घ्यावे लागते. एका प्रश्नाला सरासरी ९० सेकंद आहेत. त्याची तीन मिनिटे इथे जातात आणि शेवटचे पाच-सहा प्रश्न वाचायचेच राहतात. बुद्धी दोघांची सारखी असू शकते.

उत्तरपत्रिकेचेही तसेच. पाचवीच्या मुलाने गोल रंगवायची ओएमआर पत्रिका शाळेत कधी पाहिलेली नसते. बॉलपेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. नेहमी होणारी चूक अशी : मूल १७ वा प्रश्न सोडून १८ व्याचे उत्तर काढते आणि १७ च्या गोलात भरते. तिथून पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात आणि ते शेवटी लक्षात येते, तेव्हा काही करता येत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. अर्ज भरलेल्या प्रत्येक मुलाला ऑगस्टअखेर दहाही प्रकारांची सराव पुस्तिका त्याच्या माध्यमात मोफत द्या. त्याच्याच शाळेत खऱ्या ओएमआर पत्रिकेवर, घड्याळ लावून, दोन सराव चाचण्या घ्या. आणि दहातले दोन-तीन प्रकार दरवर्षी नवे ठेवा. प्रत्येक नव्या प्रकाराआधी सोडवलेले एक उदाहरण प्रश्नपत्रिकेतच छापा. सरावाने मिळणारी आघाडी याने पूर्ण जाणार नाही, पण बरीच कमी होईल.

आता काठावरच्या जागा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि पर्याय चार असतात, म्हणून प्रत्येक शहाणे मूल उरलेले गोल अंदाजाने रंगवते. ते रंगवावेतच, आम्हीही तेच सांगतो. समजा एका मुलीला ६० प्रश्न नक्की येतात. तिचे ७५ गुण झाले. उरलेले २० तिने अंदाजाने भरले. सरासरीने त्यातले ५ बरोबर येतील, पण दहापैकी आठ वेळा हा आकडा ३ ते ७ यांच्या दरम्यान कुठेही पडेल. म्हणजे तीच मुलगी, तेवढेच ज्ञान घेऊन, एका दिवशी ७८.७५ मिळवेल आणि दुसऱ्या दिवशी ८३.७५. पाच गुणांचा हा फरक निव्वळ नशिबाचा आहे. काठावर याहून कमी अंतरानेही जागा जाते. तिथे वरच्या मुलाला गुणवान आणि खालच्याला कमी गुणवान म्हणायला गणित आधार देत नाही.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक प्रवर्गातल्या पहिल्या तीन चतुर्थांश जागा आजच्याप्रमाणेच भराव्यात. उरलेल्या एक चतुर्थांश जागांसाठी त्या प्रवर्गात आज शेवटची जागा ज्या गुणांवर जाते त्याच्या पाच गुण खालपर्यंत, म्हणजे चार प्रश्नांच्या अंतरात असलेली सगळी मुले बरोबरीची मानावीत. त्यांच्यात प्राधान्य द्यावे ते ज्या शाळेतून गेल्या पाच वर्षांत एकाही मुलाचा नवोदयला नंबर लागलेला नाही, तिथल्या मुलाला. त्यानंतर जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांतल्या मुलांना. तरीही बरोबरी राहिली तर गुण पाहावेत. हे सगळे प्रवर्गाच्या आत घडत असल्याने कुठल्याही आरक्षणाची टक्केवारी हलत नाही.

शाळेचा इतिहास हा निकष आम्ही मुद्दाम निवडला. उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पालकांचे शिक्षण त्यांच्याच शब्दावर मानावे लागते. मुलाखत घेतली तर बोलके मूल निवडले जाते. शाळेतले गुण धरले तर पुढच्याच वर्षी प्रगतिपुस्तके फुगतात. पण अकरा अंकी यू-डायस क्रमांक प्रत्येक शाळेला आहे, निवड झालेल्या मुलांच्या याद्या समितीकडे आहेत; दोन्ही जोडले की कुणाचाही दाखला न मागता यादी तयार होते. पालक ऐन पाचवीत मुलाला ‘शून्य’वाल्या शाळेत हलवतील, ही भीती खरी आहे. त्यासाठी सवलतीला तिसरीपासून त्याच शाळेत असण्याची अट हवी. हजेरीपटावर गावात आणि प्रत्यक्षात तालुक्याच्या निवासी क्लासमध्ये, असा प्रकारही चालतो. निवड झालेल्या मुलांपैकी काहींची तिसरी ते पाचवीची हजेरी आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर तो लपत नाही.

काही गुणांनी पुढे असलेल्या एखाद्या मुलाची जागा यात जाईल. त्याच्या घरी वाईट वाटेल आणि ते आम्ही नाकारत नाही. आज जागा जाते त्या मुलीच्या घरीही तेच होते, फक्त तिथून कुणी पत्र लिहीत नाही.

असा प्रयत्न जगात पहिलाच नव्हे. शिकागोत निवडक सरकारी माध्यमिक शाळांच्या बऱ्याच जागा वस्तीच्या आर्थिक-सामाजिक स्तरानुसार चार गट पाडून, प्रत्येक गटातल्या गुणानुक्रमाने दिल्या जात आल्या आहेत. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने २०२० मध्ये थॉमस जेफरसन या नामांकित विज्ञान शाळेची प्रवेश परीक्षाच बंद केली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांना जागा राखल्या. तो वाद न्यायालयात गेला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायचे नाकारले आणि पद्धत टिकली. आपल्याला परीक्षा बंद करायची गरज नाही. शाळा हा घटक धरण्याची कल्पना तेवढी घेण्यासारखी आहे.

परीक्षेची तारीख हा वेगळाच प्रश्न. महाराष्ट्रात ती डिसेंबर-जानेवारीत येते, ऐन गळीत हंगामात. बीडची ऊसतोड कुटुंबे तेव्हा कोल्हापूर-सांगलीत किंवा कर्नाटकात फडावर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुलाच्या परीक्षेसाठी दोन दिवस टोळी सोडून जाणे त्यांना परवडत नाही. हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल परीक्षेला बसते, आईबापांबरोबर गेलेले घरच्या तालुक्यातल्या केंद्रावर पोहोचत नाही. प्रवेशपत्र निघण्याआधी केंद्र बदलण्याची एक संधी द्या. जागा आणि गुणवत्ता यादी मूळ जिल्ह्याचीच राहू द्या, पेपर मात्र मूल जिथे आहे तिथल्या केंद्रावर देऊ द्या.

निकालानंतर कागदांची पाळी येते. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे वेगळे प्रवर्ग आहेत, केंद्राच्या आरक्षणात नाहीत. नवोदयला केंद्राच्या यादीप्रमाणे इतर मागासवर्गाचा दाखला लागतो. वंजारी किंवा बंजारा पालक राज्याचा दाखला घेऊन येतो आणि तो चालत नाही, असे त्याला प्रवेशाच्या दिवशी कळते. जातीच्या दाखल्यासाठीच या समाजांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पालावर राहिलेल्या आजोबांचा असा कागद कुठून आणायचा? निवड झालेल्या मुलाला तात्पुरता प्रवेश देऊन कागदांसाठी पहिले सत्र संपेपर्यंत मुदत द्या आणि त्याचा अर्ज तहसील कार्यालयाकडे विद्यालयानेच पाठवावा.

याशिवाय एक आकडेवारी प्रसिद्ध करावी, जी गोळा करायला वेगळा खर्च नाही. नववी ते बारावीत विद्यालय विकास निधी हे शुल्क दरमहा ६०० रुपये आहे. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तो माफ आहे आणि सरकारी नोकरांच्या मुलांना १५०० रुपये आहे. म्हणजे कोण कुठल्या घरातून आले, हे प्रत्येक विद्यालयाच्या पावतीपुस्तकात आहे. जिल्हावार तक्ता काढा : सरकारी नोकरांची मुले किती, दारिद्र्यरेषेखालची किती, जिल्हा परिषद शाळांतून आलेली किती, खासगी शाळांतून किती, आणि प्रत्येक प्रवर्गात शेवटची जागा किती गुणांवर गेली. ग्रामीण कोटा नेमका कुणाला मिळतो, यावर आज जो तो आपल्या अनुभवावरून वाद घालतो. तक्ता समोर आला की वाद आकड्यांवर होईल.

पुढचा मुद्दा प्रवेशानंतरचा. सातवी-आठवीपर्यंत विद्यालयात मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा चालते, मग गणित-विज्ञान इंग्रजीत होते. मेळघाटातून अमरावतीच्या विद्यालयात आलेल्या कोरकू मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते; इंग्रजी तिसरी. काठावरून घेतलेल्या मुलांना सहावीच्या पहिल्या सत्रात रोज एक तास भाषेची जोड मिळाली नाही, तर ती मागे पडतील आणि मग त्यांना घेणेच चूक होते, असे म्हणायला लोक मोकळे होतील. तो तास वेळापत्रकात हवा, शिक्षकाच्या मर्जीवर नको.

सगळे एकदम शक्य नसेल, तर येत्या प्रवेशापासून तीन गोष्टी कराव्यात : ‘एक दिवसा’ची अट रद्द, स्थलांतरित मुलांना केंद्र बदलण्याची मुभा, आणि जिल्हावार तक्ता. या तिन्हींसाठी कायदा बदलावा लागत नाही. काठावरच्या जागांचा नियम महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात राबवावा, एक स्थलांतराचा आणि एक आदिवासीबहुल. आणि त्या मुलांचे आठवीपर्यंतचे निकाल इतरांच्या निकालांशेजारी ठेवून पाहावेत. त्यासाठी लागणारी शाळानिहाय माहिती भरून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
ग्रामीण शाळांतील पाचवीचे वर्गशिक्षक