आमच्या गावच्या आशाताईंना

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "अगं ते आमचं कामच आहे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतेय आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, इथे तरी मला मधेच तोडता येणार नाही तुम्हाला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पहिल्या बाळंतपणाला मी गेवराई तालुक्यात माहेरी गेले होते. मुलगी झाली, वजन 2 किलो 700, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या आठवड्यात ती एकदम शांत झाली. रडणं नाही, दुधाला उठणं नाही, पाजायला घेतलं की चार घोट ओढायची आणि परत झोप. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती गुणाचं लेकरू आहे! एका दवाखान्यात दाखवलं तर पोटात गॅस धरलाय म्हणून थेंब लिहून दिले. ताप नव्हता ना, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाय गार लागत होते, पण डिसेंबरची थंडी होती.

तुम्ही घरी येऊन बाळ तपासायच्या 14 व्या दिवसाच्या भेटीला आलात. आधी साबण मागून हात स्वच्छ धुतलेत, मग तिचं झबलं वर करून पोटाकडे बघत घड्याळावर श्वास मोजायला लागलात. शेजारच्या काकू मधेच काहीतरी विचारायला लागल्या तर त्यांना हातानेच गप्प केलंत. पूर्ण एक मिनिट. मग परत एक मिनिट. 68 आणि 66. 60 किंवा वर गेले की धोका, हे मला कुठे माहीत. काखेत थर्मामीटर लावलात, 95.2 आलं, मी म्हटलं ताप नाही म्हणजे बरंच की. तर तुम्ही म्हणालात, एवढ्याशा लेकराला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नसतं, कधी कधी उलट अंग गार पडतं. तळपायाला टिचकी मारलीत तेव्हा कुठे तिने जरासा पाय ओढला. बेंबी बघितलीत, तर कडेने लाल आणि ओलसर.

आजीचं म्हणणं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण घराबाहेर पडत नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. "आजी, तुम्ही दृष्ट काढून घ्या, तोवर मी 108 ला फोन लावते," एवढंच म्हणालात, आणि आजी खरंच मीठमोहऱ्या आणायला आत गेली! या एका वाक्यासाठी तुमच्या पाया पडावंसं वाटतं मला. गाडी येईपर्यंत उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावून मांडीत जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला लावलंत. गाडीत तिला दुपट्यात गुंडाळून नाही, टोपी-मोजे आणि लंगोट एवढ्यावर माझ्या उघड्या छातीशी ठेवायला लावलंत, वरून शाल, आणि बीडपर्यंत स्वतः सोबत आलात.

जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, सगळं पटापट झालं. रक्तात जंतू पसरलेत, सेप्सिस म्हणाले. रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात पण तोवर थांबत नाहीत, अँटिबायोटिक आधीच सुरू करतात. मणक्यातलं पाणी काढायचं म्हटल्यावर हे सही करेनात, तर तिथल्या मॅडमनी नीट समजावलं की मेंदूपर्यंत गेलंय का ते त्याशिवाय कळत नाही, आणि गेलं असेल तर इंजेक्शनं 3 आठवड्यांपर्यंत चालतात. नव्हतं गेलं. तिथेच एक सिस्टर म्हणाल्या, आईला वेळेत कळलं म्हणून बरं. मी म्हटलं, मला नाही कळलं, आशाताईंना कळलं.

घरी आल्यावर मी याबद्दल बरंच वाचत बसले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळं तपासायला शिकवलं, 39 गावांत काम केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलंय ते. तुमच्या या भेटींचं मूळ तिथे आहे. आणि हेही वाचलं की दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या सहाच्या सहा भेटी पूर्ण केल्या की तुम्हाला मिळून 250 रुपये मिळतात. सहा भेटींचे! इथे पुण्यात आमच्याकडे घरी येऊन एसी बघणारा माणूस नुसतं बघायचे याहून जास्त घेतो. तुम्ही लोक मोर्चा काढता तेव्हा बातम्या बघत जेवणारे आम्हीच, आता मात्र कुणी माझ्यासमोर "यांना काय काम असतं" म्हणून दाखवावं.

बरं, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, जेंटामायसिनमुळे कानावर परिणाम होऊ शकतो म्हणून बेरा, म्हणजे ऐकू येतं का ती तपासणी, करून घ्या म्हणाले होते, ते केलं, दोन्ही कान नॉर्मल. लसी वेळेवर चालू आहेत. आता ती इतकी रडते की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारतात.

बारसं राहिलं होतं ते पुढच्या महिन्यात गावीच करतोय. आजीने आधीच सांगून ठेवलंय की पहिली ओटी तुमची, तेव्हा मीटिंग आहे वगैरे कारणं चालणार नाहीत. आहेर आणू नका. येताना तो झोळीचा वजनकाटा तेवढा आणा, इथल्या काट्यावर ती 5 किलो 800 भरलीय आणि आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही.