निवृत्त न्यायमूर्ती येतील, पण पेपरबुक तयार आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रखडलेली अपिले निकाली काढण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींना उच्च न्यायालयात तात्पुरते परत बोलावण्याची तरतूद नवी नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २२४-अ पंधराव्या घटनादुरुस्तीने १९६३ साली आला. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने निवृत्त न्यायमूर्तींना विनंती करतात आणि त्यांनी होकार दिला तर ते तदर्थ न्यायमूर्ती म्हणून बसतात. मधल्या अर्धशतकात हे मोजून तीनदा घडल्याचे दाखले आहेत : १९७२ मध्ये मध्य प्रदेशात, १९८२ मध्ये मद्रासला आणि २००७ मध्ये अलाहाबादला. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२१ च्या 'लोक प्रहरी' निकालात या झोपलेल्या तरतुदीला जाग आणली. पण त्यात २० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त असण्यासारख्या अटी होत्या. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने ती अट बाजूला ठेवली आणि फौजदारी अपिलांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयात दोन ते पाच तदर्थ न्यायमूर्ती, मंजूर संख्येच्या १० टक्क्यांच्या आत, नेमण्याची मोकळीक दिली. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर संख्या ९४ आहे. म्हणजे पाचांना जागा आहे.

हे पाच बसणार कुठे, हा कोकणाचा प्रश्न आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली; रायगड मुंबईकडेच राहिला. रत्नागिरी किंवा ओरोसच्या सत्र न्यायालयाने दिलेल्या जन्मठेपेविरुद्धचे अपील आता कोल्हापुरात चालते. सोबत सातारा, सांगली, सोलापूर आणि खुद्द कोल्हापूर यांचाही भार तिथेच. पाचांपैकी किमान दोघे कोल्हापूरला द्यावेत आणि आरोपी तुरुंगात असलेली अपिले आधी बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) घ्यावीत, अशी आमची मागणी आहे.

दोनच का, याचे गणित साधे आहे. जन्मठेपेची अपिले दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतात. दोन विद्यमान न्यायमूर्ती एकत्र बसले तर खंडपीठ एकच होते. त्या दोघांच्या शेजारी एकेक निवृत्त न्यायमूर्ती बसले की तेवढ्याच विद्यमान न्यायमूर्तींत दोन खंडपीठे उभी राहतात. एकच निवृत्त न्यायमूर्ती पाठवले तर खंडपीठ एकच राहते आणि हा फायदा मिळत नाही.

मात्र खरी अडचण न्यायासनाच्या खाली आहे. अपील दाखल झाल्यावर सत्र न्यायालयाकडून मूळ रेकॉर्ड मागवले जाते. त्यात साक्षी, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचे अहवाल आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५१) खालचा आरोपीचा जबाब असतो. आपल्याकडे साक्षी मराठीत नोंदवल्या जातात, तर उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. म्हणून भाषांतर, टंकलेखन, पृष्ठांकन आणि मग पेपरबुक, म्हणजे या सगळ्या कागदांचा न्यायमूर्तींपुढे ठेवायचा बांधीव संच. यातला एखादा निशाणीचा (पुरावा म्हणून क्रमांक दिलेला) कागद राहिला किंवा झेरॉक्समध्ये पान पुसट आले की सुनावणीच्या दिवशी पुढची तारीख पडते. पेपरबुक नसलेल्या शंभर अपिलांपुढे पाच न्यायमूर्ती बसवले तरी ते तारखाच देतील. त्यामुळे नेमणुकीची फाइल दिल्लीला जाते त्याच दिवशी भाषांतरकारांची आणि लघुलेखकांची भरती सुरू व्हायला हवी. तदर्थ न्यायमूर्तींचे वेतन (निवृत्तिवेतन वजा करून) केंद्राच्या संचित निधीतून द्यायचे आहे. कर्मचारी, दालने आणि सरकारी वकील मात्र राज्याला पुरवायचे आहेत, आणि हात आखडतो तो नेमका इथेच.

निवडताना मराठी वाचता येणारे न्यायमूर्ती निवडावेत, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. अनुच्छेदानुसार कोणत्याही उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चालतात, पण भाषांतरात शंका आली तर मूळ साक्ष स्वतः उघडून पाहणारा न्यायाधीश अर्धा दिवस वाचवतो. मालवणीतले "तो माका बोललो" आणि "त्याने मला सांगितले" यांतला फरक पुराव्यात कधी कधी महत्त्वाचा ठरतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. या उपायाने गावागावांतले वाटणीचे दावे सुटणार नाहीत. २२४-अ फक्त उच्च न्यायालयासाठी आहे. दिवाणी न्यायालयातल्या निवृत्त न्यायाधीशांना त्याखाली बोलावता येत नाही. ते लोकअदालतीच्या पॅनेलवर बसतात, पण तिथे तडजोड झाली तरच निवाडा होतो. कोकणातला दावा रखडतो तो बहुधा वारसांवरून. सातबाऱ्यावर पंधरा नावे, त्यातले निम्मे चाकरमानी. पक्षकार वारला की ९० दिवसांत त्याचे वारस अभिलेखावर आणावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो. मग ते संपुष्टात येणे रद्द करून घेण्यासाठी ६० दिवसांत अर्ज आणि तेही हुकले तर विलंबमाफी. त्यावर उपाय वेगळा आहे, त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. २०२१ च्या निकालात साधारण दोन ते तीन वर्षांचा कालावधी सुचवला आहे. मुदत संपल्यावर दिलेला निकाल टिकत नाही; निकाल राखून ठेवलेले अपील नव्या खंडपीठापुढे पहिल्यापासून ऐकावे लागते आणि तुरुंगातला माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. म्हणून शेवटचे दोन महिने नवी सुनावणी न घेता फक्त निकाल लिहिण्यासाठी ठेवावेत, आणि हे नेमणुकीच्या वेळीच ठरवून रोस्टरमध्ये (न्यायमूर्तींच्या कामवाटपात) नोंदवावे.

आपला,
एक वकील, रत्नागिरी