हातात घड्याळ घाल

भुसावळ, २ डिसेंबर

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

तिकीट झालं, म्हणजे "जाऊ नको" हा विषय संपला. तुला बातमी लिहिता येते. युद्ध चालू असलेल्या गावात दिवस काढणं हे मात्र निराळं काम आहे, आणि नवखा माणूस तिथे फसतो तो बहुतेक घाईने. म्हणून हे सविस्तर लिहितेय. प्रिंट काढून बॅगेत ठेव, फोनवर नको.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पोलंडमधल्या प्शेमिशलपर्यंत जायचं आणि तिथून कीव्हची गाडी धरायची. (युक्रेनमध्ये दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर, आपल्या भुसावळला १६७६. बाबा हे सांगितल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून मीच उरकते.) पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, आणि विमानात १०० पर्यंत चालतं. सॅटेलाइट फोन इथून नेऊ नको, परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

तिथल्या सैन्याचं पत्रकार कार्ड मिळाल्याशिवाय आघाडीकडे निघू नको. इलाक्याचे तीन रंग आहेत: हिरव्यात कार्डावर फिरता येतं, पिवळ्यात सैन्याचा माणूस सोबत लागतो, लाल बंद. चेकपोस्टवर कॅमेरा मांडीवर, झाकण लावून. चेकपोस्टचा, तोफेचा, सैनिकांच्या गाड्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. फोनमधलं लोकेशन बंद कर, नाहीतर फोटोतच ठिकाण लिहून जातं.

तुझा खरा वरिष्ठ म्हणजे फिक्सर, संपादक त्याच्यानंतर. तो दुभाषा, वाटाड्या आणि ओळखीपाळखीचा माणूस, तिन्ही एकात. दिवसाचे पैसे किती, तास किती, डिझेल कोणाचं, जाणं रद्द झालं तर काय, हे निघण्याआधी लिहून घे. विम्यात त्याचं आणि ड्रायव्हरचं नाव हवं. बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट तिघांना. तुला आहे आणि त्याला नाही, असं असेल तर त्या दिवशी जाऊच नका. तो "परत फिरू" म्हणाला की कारण विचारायचं ते गाडी फिरल्यावर. तू तीन आठवड्यांनी निघशील, त्याला तिथेच राहायचंय.

खारकीव्ह सीमेपासून जेमतेम ३० किलोमीटर आहे. तिथे कधी सायरन आणि स्फोट जवळजवळ बरोबरच येतात, तळघरापर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथले लोक दोन भिंतींचा नियम पाळतात. बाहेरच्या भिंतीने स्फोटाचा मार खायचा, आतल्या भिंतीने काचा आणि तुकडे अडवायचे. खोली घेताना खिडकीतला देखावा बघू नको, मधला बोळ आहे का ते बघ, आणि अंथरूण तिथेच टाक. बूट आणि बॅटरी उशाशी. रात्री काच फुटली तर अनवाणी पायांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. कर्फ्यूची वेळ गावागणिक वेगळी असते. त्याआधी तासभर मुक्कामाला पोहोचायचं असा हिशेब धर आणि दिवस परतीच्या वेळेपासून उलटा मांड.

कुठे बॉम्ब पडला की लगेच धावू नको. काही वेळाने त्याच जागी दुसरा पडतो, मदतीला जमलेल्यांवर. तिथे आधी फायर ब्रिगेड काय करते ते बघ.

आपण इकडे बांधावर गाडी लावून आडोशाला जातो. तिथे डांबर सोडायचं नाही, लघवीलासुद्धा. पीएफएम-१ नावाचा सुरुंग असतो, हिरवा किंवा तपकिरी, प्लास्टिकचा, १२ सेंटिमीटरच्या आसपास, एक बाजू फुगीर आणि दुसरी पंखासारखी पातळ. तिकडे त्याला पाकळी म्हणतात. वजन ७५ ग्रॅम. गळलेल्या पानांत ठेवला तर ओळखू येत नाही आणि पाऊल उडवतो. गाडीच्या मागे, डांबरावरच, ओढणी किंवा शाल धरून काम उरक. लाजण्यात अर्थ नाही.

जॅकेटच्या प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीला टेकली पाहिजे. बहुतेक जण ती पोटावर घेतात, कारण बसायला सोपं जातं, आणि हृदय उघडं पडतं. सगळं मिळून दहा किलोच्या घरात जातं, तेव्हा आत्तापासून घालून जिने चढ. सिरॅमिक प्लेट जमिनीवर आपटली तर आतून तडकते आणि वरून दिसत नाही.

आता रक्ताचं. हात किंवा पाय तुटून रक्त उसळत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो. टुर्निके, म्हणजे हातापायाला आवळून रक्त थांबवायचा दांडीवाला पट्टा, प्रत्येकाकडे दोन, प्लास्टिकमधून काढलेली, जॅकेटवर अशा जागी की दोन्हीपैकी कुठलाही हात पोहोचेल. जखमेच्या वर ५ ते ८ सेंटिमीटर, सांध्यावर नाही. जखम दिसत नसेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वर. चूक होते ती इथे: पट्टा ढिला ठेवून दांडी पिळत बसतात. पट्टा आधी इतका ओढ की खाली बोटाचं टोकही जाणार नाही, मग दांडी फिरव, रक्त थांबेपर्यंत. दुखतं, ओरडतात. सोडायचं नाही. दांडी अडकव आणि वेळ लिही, पट्ट्यावर नाहीतर कपाळावर. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सैल करू नको. स्वस्तातल्या नकलीची दांडी पिळताना वाकते, म्हणून सरावाचं आणि खरं, दोन्ही खात्रीच्या ठिकाणची घे. जांघेत किंवा काखेत टुर्निके बसत नाही. तिथे जखमेत रक्त गोठवणारा गॉज ठासायचा आणि तीन मिनिटं सगळा भार टाकून दाबायचं. साधा गॉज असेल तर दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही.

पत्रकार सामान्य नागरिक मानला जातो, असं १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलच्या कलम ७९ मध्ये लिहिलं आहे. लिहिलेलं असूनही आपला फोटो-पत्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारला गेला, आणि तो नवखा नव्हता, पुलित्झर मिळालेला होता. कार्डावर भरवसा ठेव, पण एकट्या कार्डावर नको.

रोज रात्री तुझ्या आठला, म्हणजे आमच्या साडेअकराला, "पोचले" एवढंच. त्यानंतर अर्धा तास गेला तर आम्ही आधी संपादकांना फोन करू, मग फिक्सरला. तुला नाही, कारण तू कुठे लपलेली असशील आणि फोन वाजेल. दोन्ही नंबर आणि सगळ्यांचे रक्तगट या आठवड्यात पाठव. तुलाच माहीत असतील असे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरंही, बंद पाकिटात. कोणी तुला धरून ठेवलं तर ओळख पटवायला लागतात. आजी रोज विचारते, "पोर कशी शे?" तिला पाकिटाचं सांगितलेलं नाही.

आणि घड्याळ सेलचं घे, काट्यांचं. रोज चार्जिंगला लावावं लागणारं नको.

तुझी,
आई