नागिणीच्या लशीचा दुसरा डोस चुकवू नका

महोदय,
कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन उठतो. पुरळ महिनाभरात सुकते. पण सदऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवू नये अशी आग काहींना वर्षानुवर्षे छळते. पन्नाशीनंतर शिंग्रिक्स लस दंडाच्या स्नायूत घेतात: ०.५ मिलिलिटरचे दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. घोडे अडते ते दुसऱ्यापाशी. पहिल्यानंतर दंड ठणकतो, कणकण येते आणि माणसे परत फिरकतच नाहीत! हा त्रास बहुधा २-३ दिवसांत ओसरतो. सहा महिने उलटले असले तरी दुसरा डोस घ्याच. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नागीण होऊन गेलेल्यांनीही पुरळ बरे झाल्यावर ही लस घ्यावी.