बाबा, आजीचा फोटो निघेपर्यंत बॅकग्राउंड बदलू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही काल पाठवलेला फोटो मिळाला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची आजी, तिच्या पदरावर ट्यूबलाइटची पांढरी तिरीप आणि फोटोभर रंगीत नागमोडी रेघा. त्या रेघा तुमचा हात हलल्यामुळे आलेल्या नाहीत. स्क्रीनच्या बारीक ठिपक्यांची जाळी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातली जाळी एकमेकींवर पडली की त्या उमटतात, मोबाइल कितीही स्थिर धरला तरी. तेव्हा पुन्हा पुन्हा काढत बसू नका. हा फोटो स्क्रीनवरून घ्यायचाच नाही, कॉम्प्युटरच्या आतून घ्यायचा आहे.

फोनवर सांगायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "असं नको, लिहून पाठव, समोर ठेवून एकेक करतो." म्हणून हे पत्र, तेही स्पीड पोस्टाने, शनिवारच्या आत पोचावं म्हणून. शनिवारी दुकानातला मुलगा येऊन कॉम्प्युटर फॉरमॅट करणार आहे ना? त्याचं म्हणणं बरोबर आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, तुम्ही बँकेची कामं त्यावर करता, तेव्हा नवं विंडोज घालून घ्यायलाच हवं. पण तो आधी सगळं पुसणार, आणि त्यात आजीही पुसली जाईल. त्याला सांगा, "मुलाचा फोन आल्याशिवाय हात लावू नकोस."

आपल्याकडे आजीचा दुसरा असा फोटो उरलेला नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम गेले, सीड्या गेल्या, आणि आत्तेभावाने दिलेला तो पेन ड्राइव्हही त्याच ड्रॉवरमध्ये होता. चिखल उपसताना आई एकेक अल्बम उघडायची आणि पानं एकमेकांना चिकटून नुसता रंगाचा लगदा हाताला लागायचा, ते मी विसरलेलो नाही. कॉम्प्युटर माडीवर होता म्हणून वाचला. आत्तेभावाकडची प्रत त्याच्या लॅपटॉपबरोबर गेली, ते त्याने तेव्हाच सांगितलं होतं.

मग पेन ड्राइव्ह गेल्यावरही फोटो स्क्रीनवर कसा राहिला? तुम्ही तेव्हा पेन ड्राइव्ह लावून, फोटोवर राइट क्लिक करून "सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड" केलं होतंत. त्या क्षणी विंडोजने स्वतःसाठी एक प्रत करून ठेवली. मूळ फोटो गेला तरी ते आपली प्रत दाखवत राहतं. ती प्रत लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, म्हणून "पिक्चर्स"मध्ये तुम्ही कितीही शोधलंत तरी सापडली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो हाती येईपर्यंत बॅकग्राउंड बदलू नका. दुसरं कुठलंही चित्र लावलं की विंडोज त्याच फाइलवर नवं चित्र लिहितं आणि जुनं जातं. शेजारची मुलं गेम खेळायला येतात, त्यांनाही दोन दिवस माडीवर येऊ देऊ नका.

चष्मा लावून बसा. कीबोर्डवर डावीकडे खाली चार चौकोनांची खूण असलेलं बटण आहे, ते दाबून ठेवून आर दाबा. कोपऱ्यात "रन" नावाची लहान चौकट उघडेल. तिच्यात आधी टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत अ‍ॅपडेटा, मध्ये जागा न सोडता, आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाइप करा. एंटर दाबा. फोल्डरांची यादी येईल. त्यातला मायक्रोसॉफ्ट उघडा, त्याच्या आतला विंडोज, त्याच्या आतला थीम्स. तिथे ट्रान्सकोडेड वॉलपेपर नावाची फाइल दिसेल, पांढऱ्या कोऱ्या कागदासारखी. तीच आजी. तिच्यावर फोटोची खूण दिसत नाही, कारण विंडोज तिच्या नावापुढे "डॉट जेपीजी" लावत नाही. म्हणून ती डबल क्लिक करून उघडायची घाई करू नका.

तिच्यावर राइट क्लिक करून कॉपी करा. कट नव्हे, कॉपी. मग डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून पेस्ट. आता या नव्या प्रतीवर राइट क्लिक, रिनेम, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन जेपीजी लिहा. "खरंच बदलू का?" असं काही विचारलंच तर होय म्हणा. मूळ फाइल जागेवरच आहे, त्यामुळे चुकलं तरी काही बिघडत नाही. आता डबल क्लिक करा.

थीम्समध्ये कॅश्ड फाइल्स नावाचा अजून एक फोल्डर दिसेल. त्यातली प्रत स्क्रीनच्या मापाला बसवलेली असते, ती नको, आपल्याला मोठी हवी. प्रत करताना विंडोज फोटो थोडा दाबतं, त्यामुळे तो अगदी मुळाइतका स्वच्छ नसेल. पण फ्रेम करता येईल. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स पाहा आणि रुंदी-उंचीचे आकडे मला कळवा. १९२० बाय १०८० असेल तर साधारण साडेसहा इंच रुंद प्रिंट चांगली येते. त्याहून मोठी करून घेऊ नका, स्टुडिओवाला म्हणाला तरी.

आई, तुला जुन्या कॉम्प्युटरवरचा हिरवा डोंगर आठवतो? निळं आभाळ, दोन-चार ढग. तू म्हणायचीस, हा आपला कातळपठाराचा सडाच आहे, श्रावणातला. तो फोटो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातला. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने जानेवारी १९९६ मध्ये रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढलेला. एरवी त्या उतारावर द्राक्षाचे मळे, पण मुळांतला रस शोषणाऱ्या किडीमुळे वेल उपटून टाकले होते, आणि हिवाळ्यातल्या पावसाने तिथे नुसतं गवत आलं होतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर तो जगभरच्या कॉम्प्युटरांवर गेला. तो आपण पुसला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण तो आजही कुठेही मिळतो. आजीचा फोटो मात्र फक्त आपल्या माडीवर आहे. म्हणून बाबांना मी इतकं बजावून सांगतोय.

बाबा, फाइल उघडली की लगेच मला ई-मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो आणखी दाबला जातो. एक प्रत नव्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो देवघराच्या वरच्या फळीवर ठेवा, खालच्या कपाटात नको. माझा फोन येईपर्यंत दुकानातल्या मुलाला चहा द्या, थांबवून ठेवा.

आणि आई, फोटो उघडताना तूही बाबांच्या शेजारी बस. आजी पडवीत विळीवर बसून फणसाचे गरे काढतेय, हाताला खोबरेल लावलेलं, नऊवारीचा पदर खोचलेला, आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडे बघून काहीतरी बोलतेय. तिचा चेहरा झाकू नये म्हणून बाबांनी सगळे आयकॉन डावीकडे सरकवून ठेवलेत. इतकी वर्षं ती कुणाशी बोलतेय ते त्या आयकॉनांखालीच राहिलं. मी तो फोटो पहिल्यांदा पेन ड्राइव्हवर पूर्ण पाहिला होता. डाव्या कडेला गऱ्यांसाठी ताट पुढे धरलेला हात आहे, हिरव्या बांगड्यांचा. तो तुझा आहे.

तुमचा,
बाळू